गोचीड ताप कळपात पसरतो कसा आणि तो गोठ्यातच कसा अडवायचा

गाईच्या अंगावर दिसणारे गोचीड हे गोठ्यातल्या एकूण गोचिडांचा लहानसा भाग असतात. बाकीचे भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या बुडाशी, गोवऱ्यांच्या ढिगात आणि उकिरड्याच्या कडेला असतात: कुणी अंडी घालतंय, कुणी कात टाकतंय, कुणी पुढच्या जनावराची वाट पाहतंय. म्हणून आजारी गाईला इंजेक्शन देऊन आणि तिच्या अंगावर औषध मारून काम संपलं असं समजणाऱ्या गोठ्यात महिना-दीड महिन्याने दुसरी गाय पडते. गोचीड ताप, म्हणजे गोचिडांतून जनावराच्या रक्तात शिरणाऱ्या परजीवींचा आजार, गोचिडाच्या वेळापत्रकावर चालतो. ते वेळापत्रक मोडलं तरच तो कळपात थांबतो.

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न पूर्व भागात जास्त टोकदार आहे. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर पट्ट्यातल्या गोठ्यांत एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) आणि जर्सी संकरित गाईच जास्त. १९६७ साली उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी बाएफ ही पशुपैदाशीचं काम करणारी संस्था सुरू केली. त्यानंतर संकरित पैदास गावोगावी पोचली आणि दूध वाढलं. पण खिल्लार, डांगी, गीर यांच्या अंगात गोचिडांना आणि या रक्तातल्या परजीवींना तोंड देण्याची जी ताकद असते, ती संकरित जनावरात विदेशी रक्ताच्या प्रमाणात कमी होत जाते. एकाच वस्तीवर खिल्लार बैल ठणठणीत दिसतो आणि शेजारची एचएफ कालवड चौथ्या दिवशी उठत नाही, याचं कारण हेच. तो बैल ठणठणीत असला तरी त्याच्या रक्तात परजीवी असू शकतात. म्हशींचंही तसंच: स्वतःला फारसा त्रास नाही, पण गोचिडांना संसर्ग पुरवत राहतात.

तीन आजार, दोन गोचीड

'गोचीड ताप' या एका नावाखाली तीन वेगळे आजार येतात आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मधले दोन-तीन दिवस वाया जातात आणि गाय हातची जाते, ते बहुतेक वेळा याच कारणाने.

थायलेरियोसिस संकरित गाईंचा सगळ्यात मोठा शत्रू. ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइट. खांद्याच्या पुढे मानेच्या मुळाशी आणि मांडीच्या पुढे कुशीखाली असलेल्या लसिका ग्रंथी सुजतात आणि हाताला ठळक लागतात. डोळ्यांतून व नाकातून पाणी, खोकला, धाप, दूध एकदम उतरणं, नंतर हिरड्या फिक्या पडणं. लघवीचा रंग सहसा बदलत नाही. एक-दोन महिन्यांच्या संकरित वासरांत कधी डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसतात; असं वासरू दिसलं तर संध्याकाळची वाट पाहू नका, तेव्हाच डॉक्टरांना बोलवा.

बबेसियोसिसमध्ये ताप येतो आणि लघवी लालसर ते काळपट तपकिरी होते, कारण परजीवी लाल पेशी फोडतो आणि त्यातला रंग लघवीतून बाहेर पडतो. लघवी जमिनीवर पडली की तिला फेसही दिसतो. लहान वासरांना हा आजार सौम्य जातो, मोठ्यांना जड.

अ‍ॅनाप्लाझ्मोसिस सावकाश येतो. गाय बारीक होत जाते, हिरड्या आधी फिक्या आणि मग पिवळट होतात, शेण घट्ट होतं. पेशी फुटतात त्या शरीराच्या आत, प्लीहेत, म्हणून लघवी लाल होत नाही. दोन-तीन वर्षांवरच्या जनावरांत हा सगळ्यात घातक.

आता गोचीड. हायलोमा हा मोठा, तपकिरी, चपळ. त्याच्या पायांवर फिकट-गडद पट्टे असतात आणि तोंडाची सोंड लांब. कास, मांड्यांच्या आतली बाजू, शेपटीखाली, कानात तो सापडतो. थायलेरिया पसरवतो तो हाच. दुसरा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, ज्याला जुने लोक बुफिलस म्हणतात: लहान, आखूड तोंडाचा, रक्त पिऊन फुगलेली मादी निळसर राखाडी. तो गळकंबळ, मान, बरगड्या, कास असा अंगभर विखुरतो आणि बबेसिया वाहतो. अ‍ॅनाप्लाझ्मा गोचिडांतून येतोच, शिवाय चावणाऱ्या माश्यांतून आणि आपल्या हातातल्या सुईतूनही येतो.

या दोघांच्या जगण्यात एक फरक आहे आणि पुढचं सगळं नियोजन त्यावर उभं आहे. बुफिलस पिल्लापासून फुगलेल्या मादीपर्यंतचं आयुष्य एकाच जनावरावर काढतो, साधारण तीन आठवडे. फक्त अंडी घालायला खाली उतरतो. बबेसिया मादीतून तिच्या अंड्यांत जातो, म्हणजे पुढची पिढी जन्मतःच आजार घेऊन येते. हायलोमा मात्र वाढीच्या टप्प्यात जनावर सोडतो, भिंतीच्या भेगेत शिरून कात टाकतो आणि नवं जनावर धरतो. थायलेरिया अंड्यांतून उतरत नाही. बाल अवस्थेतला गोचीड आजारी किंवा वाहक (धडधाकट दिसणाऱ्या, पण रक्तात परजीवी असलेल्या) जनावरावर पोसला गेला, कात टाकून प्रौढ झाला आणि मग दुसऱ्या गाईला चिकटला, असा तो प्रवास आहे. त्यात कात टाकण्याचे काही आठवडे आणि नव्या गाईला ताप येईपर्यंतचे आणखी दोन-तीन आठवडे धरले की ती महिना-दीड महिन्याची दुसरी लाट कशी येते ते कळतं. चिकटल्याबरोबरही हा संसर्ग होत नाही. गोचिडाच्या लाळग्रंथींत परजीवी पक्व व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज हात फिरवून कास आणि मांड्या तपासणं हे वेळ घालवणं नव्हे. ते खरंखुरं प्रतिबंधक काम आहे.

हा रोग गोचीड पसरवतो हे माणसाला कळलं तेही असंच निरीक्षणातून. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी गोचीड असलेली आणि गोचीड वेचून काढलेली जनावरं वेगवेगळ्या कुंपणांत ठेवून पाहिली आणि १८९३ साली बबेसियाचा प्रसार गोचिडांतून होतो हे सिद्ध केलं. शेजारी उभं राहून, एका गव्हाणीत खाऊन, एकमेकींना चाटून हा आजार होत नाही.

रोज आणि आठवड्याला काय पाहायचं

गोठ्यात एक थर्मामीटर हवाच. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश. थर्मामीटर गुदद्वारात तिरका, आतल्या भिंतीला टेकेल असा दोन मिनिटं ठेवायचा; शेणात रुतला तर आकडा चुकतो. भर दुपारी, उन्हातून आलेल्या गाईचं तापमान वाढलेलं असतं, म्हणून सकाळी धारेच्या वेळी घ्या. १०३ च्या वर दोन वेळा गेलं तर बाकी लक्षणांची वाट पाहू नका. दूध कमी होणं हे लक्षण ताप चढल्यानंतरचं आहे.

आठवड्यातून एकदा पाच जनावरं निवडा. त्यांच्या एकाच बाजूचे, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठे फुगलेले गोचीड मोजा आणि दुप्पट करून वहीत लिहा. दर वेळी तीच जनावरं, तीच बाजू. फवारणीनंतर हा आकडा पडला नाही तर औषध चुकतंय, मात्रा चुकतेय किंवा गोठ्यातून नवे चढताहेत, हे पंधरवड्यात कळतं. नुसत्या नजरेच्या अंदाजाला ते महिन्याने कळतं.

गोचीड हाताने काढताना हातमोजे घाला. बोटांत चिरडू नका, पायाखाली रगडू नका, चुलीत टाकायला उघड्या हाताने नेऊ नका. हायलोमा क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणूही वाहतो. २०११ मध्ये गुजरातेत माणसांत हा ताप आला तेव्हा त्याचं निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनेच केलं होतं. काढलेले गोचीड साबणाच्या दाट पाण्यात किंवा रॉकेलच्या डब्यात टाका. काढताना पिरगाळू नका, कातडीला लागून धरून सरळ ओढा. तोंड आत राहिलं तर तिथे फोड होतो आणि पावसाळ्यात त्यात अळ्या पडतात.

अंगावरची फवारणी

औषध कुठलं, हे गोठ्यातल्या गोचिडांवर ठरतं. बाजारातली नावं बरीच असली तरी गट मोजकेच आहेत. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, फ्लुमेथ्रीन ही एकाच कुळातली. अमिट्राझ वेगळ्या कुळातलं. डेल्टामेथ्रीन चाललं नाही म्हणून सायपरमेथ्रीन आणलं तर नुसतं लेबल बदललं, औषध नाही. बुफिलसमध्ये पहिल्या कुळाविरुद्धची प्रतिकारशक्ती देशभर आढळली आहे आणि ती वाढवण्यात कमी मात्रेचा मोठा हात आहे. 'थोडं पातळच केलं, जनावराला त्रास नको' असं करून मारलेली फवारणी नाजूक गोचीड मारते आणि दणकट गोचिडांना वंश वाढवायला मोकळं सोडते.

नेहमीची प्रमाणं अशी: अमिट्राझ १२.५ टक्के, १ लिटर पाण्यात २ मिली. डेल्टामेथ्रीन १.२५ टक्के, १ लिटरला २ मिली. सायपरमेथ्रीन १० टक्के, १ लिटरला १ मिली. बाटलीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय टोपणाने मोजू नका. त्याच औषधाच्या शेतीसाठीच्या बाटल्या वेगळ्या तीव्रतेच्या असतात आणि त्यांतले द्रावक जनावराच्या कातडीसाठी नसतात. कपाशी-उसावरची कीटकनाशकं गाईवर मारणं हा प्रकार अजून होतो. त्यात विषबाधेने जनावर दगावतं आणि वाचलं तर दुधात विष उतरतं.

पंप स्वतंत्र ठेवा. तणनाशकाचा पंप धुऊन वापरण्यात जोखीम आहे. १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपात अमिट्राझ ३२ मिली, आणि मोठ्या संकरित गाईला ३ ते ४ लिटर द्रावण लागतं, म्हणजे एका पंपात चार-पाच गाई. एका पंपात दहा गाई होत असतील तर त्या भिजलेल्याच नाहीत.

काम या क्रमाने करा:

१. आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर जनावरं धुऊन शेणाचे पोपडे काढा आणि अंग वाळू द्या. शेणा-मातीला चिकटलेलं औषध गोचिडापर्यंत पोचत नाही. गढूळ पाण्यात कालवलेलंही कमी पडतं.

२. धार काढून घ्या, पोटभर पाणी पाजा. तहानलेली गाय अंग चाटते.

३. ऊन चढायच्या आत किंवा कलत्या उन्हात, पावसाची चिन्हं नसताना फवारा. वाऱ्याला पाठ करा. हातमोजे, तोंडावर मास्क, पूर्ण बाह्या. काम संपेपर्यंत तंबाखू-विडी नाही.

४. केसांच्या उलट दिशेने, वरून खाली. पाठ सोपी असते म्हणून तिथेच निम्मं औषध जातं. गोचीड असतात ते कानाच्या आत आणि मागे, गळकंबळीच्या घडीत, पुढच्या पायांच्या काखेत, कासेच्या मागे, शेपटीखाली, खुरांच्या फटीत. तिथे नळी जवळ नेऊन कातडी ओली करा. डोळे-तोंड टाळून चेहऱ्यावर फडक्याने पुसा.

५. अंग वाळेपर्यंत सावलीत बांधा, एकमेकींना चाटू देऊ नका. पुढच्या धारेआधी कास आणि सड स्वच्छ पाण्याने धुवा. लेबलवर दुधासाठी दिलेला थांबण्याचा काळ पाळा.

६. त्याच दिवशी गोठ्यातलं प्रत्येक जनावर: दुभती, भाकड, कालवडी, बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या. एक बैल 'शेतावर होता' म्हणून राहिला की तो पंधरा दिवसांत सगळ्यांना पुन्हा गोचीड वाटतो. अगदी लहान वासरं आणि आजारी जनावरं मात्र डॉक्टरांना विचारून. घोडा असेल तर त्याला अमिट्राझ अजिबात नको.

पहिल्या फवारणीनंतर दुसरी १५ दिवसांनी आणि तिसरी आणखी १५ दिवसांनी. बुफिलसची मादी फुगून खाली पडायला तीन आठवडे घेते. १५ दिवसांच्या अंतराने मारलं तर नव्याने चढलेले गोचीड अंडी घालण्याआधी सापडतात. महिन्याने मारलं तर एक पिढी निसटते. त्यानंतर वहीतल्या आकड्यावर ठरवा, कॅलेंडरवर नाही. गरज नसताना मारत राहिलं तरी प्रतिकारशक्ती वाढतेच.

फवारणीनंतर लाळ गळणं, अंग थरथरणं किंवा सुस्तावून कान पाडणं दिसलं तर लगेच भरपूर पाणी आणि साबणाने अंग धुवा आणि डॉक्टरांना औषधाची बाटलीच दाखवा. उरलेलं द्रावण ओढ्यात, विहिरीकडेला, शेततळ्याजवळ टाकू नका. डेल्टामेथ्रीन-सायपरमेथ्रीन माशांना अत्यंत घातक आहेत. कालवलेलं अमिट्राझ उद्यासाठी ठेवू नका.

औषध चालतंय का याची शंका आली तर गोठ्यातच एक सोपी चाचणी होते. फुगलेल्या २० माद्या अलगद काढा. १० माद्या ठरल्या मात्रेच्या द्रावणात पाच मिनिटं बुडवा, १० साध्या पाण्यात. कागदावर कोरड्या करून दोन बरण्यांत ठेवा, तोंडाला घट्ट कापड बांधा, सावलीत दोन आठवडे राहू द्या. पाण्यातल्या माद्या आठवड्याभरात अंडी घालू लागतील. औषधातल्यांपैकी बऱ्याच मेल्या नाहीत आणि त्यांनीही अंड्यांचे पुंजके घातले, तर कूळ बदलायची वेळ झाली. चाचणी संपली की दोन्ही बरण्या उकळत्या पाण्यात. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण पैसे कशावर खर्च करायचे ते ठरवायला पुरेशी आहे.

पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रीन १ टक्का १० किलोला १ मिली, वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत. महाग, पण पावसाळी दिवसांत सोयीचं. आयव्हरमेक्टिन दुभत्या गाईला टोचू नका, ते दुधात बराच काळ उतरतं. रॉकेल किंवा जळकं ऑइल अंगावर चोळणं बंद करा, कातडी भाजते. निंबोळी तेलाने संख्या थोडी कमी होते, पण थायलेरिया असलेल्या गोठ्यात त्यावर विसंबून चालणार नाही.

गोठा

मेहनत इथे घाला. दगड-मातीची भिंत, विटांचे उघडे सांधे, कुडाच्या बाजू, पत्र्याखालची लाकडं, गव्हाणीचं बूड, जुनी पोती, रचून ठेवलेल्या गोवऱ्या: हायलोमाला कात टाकायला याहून चांगली जागा नाही. मादी एका वेळी हजारो अंडी घालते आणि भुकेलं पिल्लू कित्येक आठवडे, अनुकूल हवेत महिनोन् महिने तग धरतं. म्हणून गोठा आठ दिवस मोकळा ठेवून काही साधत नाही.

फेब्रुवारीत, थंडी सरून गोचीड हलायला लागण्याआधी, पहिली मोठी सफाई करा. जनावरं बाहेर बांधा. भिंतीलगतचं सगळं सामान काढा. भेगा तारेच्या ब्रशने खरवडून त्यातली माती झाडून घ्या आणि ती माती उकिरड्यावर न टाकता जाळा. फ्लेम गन असेल तर भेगांवरून आणि गव्हाणीच्या कोपऱ्यांतून सावकाश फिरवा; पाचटाचं छप्पर किंवा वैरणीची गंज जवळ असेल तर आग वापरूच नका. मग भेगा सिमेंटने बुजवा, निदान माणसाच्या उंचीपर्यंत. वरून चुना. लिंपण करून भेगा झाकणं पुरत नाही, उन्हाळ्यात ते पुन्हा तडकतं.

बुजवण्याआधी अंगावर मारलेल्याच कुळातलं औषध भेगांत दाबाने मारा. गोठ्यासाठीचं प्रमाण अंगावरच्यापेक्षा वेगळं असतं, ते लेबलवर वाचा. गव्हाणीतली वैरण आणि पाणी आधी काढून घ्या, जमीन-भिंती पूर्ण वाळल्यावरच जनावरं आत. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, म्हणून १५ दिवसांनी पुन्हा एकदा. मेअखेरीस, पावसाच्या आत, हेच काम हलक्या हाताने. आणि ऑक्टोबरात तिसऱ्यांदा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचं कारण या जिल्ह्यात वेगळं आहे. साखर कारखाने सुरू होतात, बाहेरून ऊसतोडीच्या बैलगाड्या येतात, आपल्याच बांधाला बैल बांधले जातात. मेंढपाळांचे कळपही रानातून जातात. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या बैलांनाही आपल्याच फवारणीत घ्या. दोन पंपांचा खर्च एका गाईच्या उपचारापेक्षा कितीतरी कमी आहे. आणि ते बैल जिथे बांधले होते तिथलं वाढं किंवा पाचट उचलून आपल्या गोठ्यात अंथरायला आणू नका.

मुक्तसंचार गोठ्यात भिंती कमी, म्हणून गोचीड कमी राहतात, पण कुंपणाचे लाकडी वासे, झाडाची खोडं आणि सावलीतलं साचलेलं शेणखत तपासावं लागतं. तिथे देशी कोंबड्या सोडल्या तर त्या खाली पडलेले गोचीड टिपतात. फवारणीनंतर दोन-तीन दिवस मात्र त्यांना कोंडून ठेवा.

बाजारातून आणलेली गाय

चाकण, बेल्हे किंवा बाहेरच्या जिल्ह्यातून गाय आणली की टेम्पोतून थेट दावणीला नेऊ नका. कळपापासून लांब, भिंत नसलेल्या जागी बांधा. त्याच दिवशी अंगभर तपासून फवारा आणि टेम्पोत अंथरलेलं पाचट जाळून टाका. पुढचे किमान २१, जमल्यास ३० दिवस सकाळ-संध्याकाळ ताप लिहा, खांद्यापुढच्या ग्रंथी चाचपा, पहिल्या आठवड्यात रक्ताची काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) करून घ्या. दुसरी फवारणी १२ ते १४ व्या दिवशी.

एक गोष्ट नेहमी उलटी समजली जाते. नवी गाय आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी थायलेरियाने पडली की व्यापाऱ्याने आजारी जनावर गळ्यात मारलं, असं म्हटलं जातं. पुष्कळदा ती गाय गोचीड नसलेल्या गोठ्यात वाढलेली, पूर्ण निरोगी असते. आजार तिला आपल्या भिंतीतला मिळालेला असतो. आपली जुनी जनावरं वाहक असल्याने धडधाकट दिसतात आणि तीच सगळ्यांचा समज चुकवतात. म्हणून गाय आणण्याआधी गोठा साफ करा आणि थायलेरियाची लस शक्य असेल तर आधीच्या गोठ्यातच टोचून घ्या. ही जिवंत लस आहे, द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते, कातडीखाली ३ मिली एकदा देतात आणि परिणाम व्हायला काही आठवडे लागतात. दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांना ती देता येते. गाभण गाईला देत नाहीत. बाहेर काढून गरम झालेली कुपी टोचणं म्हणजे पाणी टोचणं. म्हणून एकाच दिवशी वस्तीवरची सगळी वासरं जमवून डॉक्टरांना बोलवा.

सुईचंही इथेच सांगायला हवं. लाळ-खुरकूत किंवा लम्पीच्या लसीकरणाच्या दिवशी एकच सुई रांगेने सगळ्या गाईंना वापरली, तर अ‍ॅनाप्लाझ्मा त्या सुईबरोबर पुढे जातो. एक जनावर, एक सुई. शिंगं काढायची उपकरणं आणि कानात बिल्ला मारायचा पक्कडही दर जनावरामागे जंतुनाशकात बुडवून पुसा.

पहिला रुग्ण सापडला तर

औषध टोचण्याआधी नमुना. कानाच्या कडेच्या शिरेतल्या थेंबाची पातळ काचपट्टी, हवेत वाळवून, माश्यांपासून झाकून; आणि जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत (हिच्यात रक्त साकळत नाही) ३ ते ५ मिली रक्त, पाच-सहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करून, बर्फाच्या डब्यात. गोठवू नका, पेशी फुटतात. थायलेरियाच्या सुरुवातीला परजीवी रक्तात कमी आणि ग्रंथीत जास्त असतात, त्यामुळे ग्रंथी सुजलेली असून काचपट्टी स्वच्छ आली तर डॉक्टर ग्रंथीतूनच सुईने नमुना घेतात. चिठ्ठीवर बिल्ला क्रमांक, वय, ताप कधीपासून आणि आतापर्यंत काय टोचलं, हे लिहा. नमुने तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयामार्फत औंधच्या विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेत जाऊ शकतात. लम्पीतही ग्रंथी सुजतात आणि ताप येतो, म्हणून अंगावर गाठी आहेत का तेही पाहून सांगा. डॉक्टर जवळ नसतील तर फिरत्या पथकासाठी १९६२ लावा.

उपचार डॉक्टरांचाच, पण मात्रा वजनावर असते आणि वजनाचा अंदाज चुकला की उपचार चुकतो, तेवढी मदत आपण करू शकतो. छातीचा घेर इंचांत, घेराने गुणून, पुन्हा लांबीने (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत) गुणा आणि ६६० ने भागा. घेर ६६ आणि लांबी ६० असेल तर वजन ३९६ किलो. थायलेरियावरचं बुपार्व्हाक्वोन किलोला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ टक्क्यांच्या औषधाचे २० किलोला १ मिली. या गाईला साधारण २० मिली, मानेच्या स्नायूत दोन ठिकाणी विभागून. ३०० किलो धरून १५ मिली दिलं की ताप उतरतो आणि परत चढतो. बबेसियासाठी डिमिनाझीन किंवा इमिडोकार्ब, अ‍ॅनाप्लाझ्मासाठी ऑक्सिटेट्रासायक्लीन. डिमिनाझीनने थायलेरिया बरा होत नाही. ताप उतरवायला डेक्सामेथासोन टोचून घेण्याचा आग्रह धरू नका, ते प्रतिकारशक्ती दाबतं आणि थायलेरिया भडकतो.

हिरड्या पांढऱ्या पडलेल्या गाईला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका. रक्त इतकं कमी झालेलं असतं की चालण्याच्या श्रमानेच ती कोसळते. सावली, पुढ्यात पाणी, कोवळा हिरवा चारा, शांतता. रक्त देण्याची वेळ आली तर त्याच गोठ्यातली धडधाकट, मोठी, गाभण नसलेली गाय दाता म्हणून तयार ठेवा. तिचीही काचपट्टी आधी तपासून घ्या.

आजारी गाय वेगळी बांधायची ती शेजारणीला लागण होईल म्हणून नव्हे, तर तिच्या रक्तावर पोसलेले गोचीड त्याच भिंतीत उतरू नयेत म्हणून. तिच्या अंगावरचे गोचीड पहिल्याच दिवशी हाताने काढा. अशक्त गाईवर फवारणी डॉक्टर सांगतील तशी. बाकी कळपाचा ताप १४ दिवस दोन वेळा. गोठ्याची सफाई त्याच आठवड्यात, आणि आजूबाजूच्या पाच-सहा गोठ्यांना एकाच दिवशी फवारायला तयार करा. दूध संकलन केंद्रावर एक दिवस ठरवला तर हे जमतं.

बरी झालेली गाय बहुधा वाहक राहते. थायलेरिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा तिच्या रक्तात वर्षानुवर्षं थोड्या प्रमाणात टिकतात. तिला विकायची गरज नाही, पण वहीत तिच्या नावापुढे खूण करा. आठवड्याच्या तपासणीत गोचीड सगळ्यात आधी तिच्याच अंगावर शोधा. आणि व्याल्यावरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिचा ताप रोज घ्या, कारण विण्याच्या ताणाने दबलेला आजार त्याच दिवसांत उलटतो.